पाण्याचा हिशेब : जुनी गाडी गरम होते तेव्हा काय करावे, काय टाळावे

परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीसारख्या गावात जुनी गाडी हौसेसाठी नसते. दवाखाना, बाजार, लग्नकार्य, शेतातला माल यासाठी ती लागते. मारुती ८००, ओम्नी, कमांडर जीप, सुमो, इंडिका अशा पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या गाड्या मे महिन्यात हमखास एकच तक्रार करतात : गरम होते.

यात उन्हाचा वाटा मोठा आहे. इंजिनात जळणाऱ्या इंधनाची साधारण एक तृतीयांश उष्णता पाण्यातून बाहेर न्यावी लागते. रेडिएटर ती हवेला देतो. किती देईल, हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. पाणी ९० अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर फरक ६५ अंशांचा. मे महिन्यात परभणीची हवा ४५ अंशांवर गेली की फरक उरतो ४५ अंशांचा. म्हणजे तोच रेडिएटर जवळपास तीस टक्के कमी काम करतो. हिवाळ्यात अर्धवट चोंदलेला रेडिएटर निभावून नेतो आणि उन्हाळ्यात तोच दोष उघडा पडतो.

दुसरे कारण पाणी. मराठवाड्यातल्या काळ्या पाषाणातून येणारे बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. ते तापले की त्यातला चुना आतल्या भिंतींवर बसतो. गरम झाली की पाणी घाल, पुन्हा गरम झाली की पुन्हा घाल, असे चालू राहिले तर प्रत्येक लिटरबरोबर नवा थर आत जातो.

म्हणून पहिला नियम असा : गाडीत पाणी घालण्याआधी आधीचे पाणी कुठे गेले ते शोधा. पाण्याचा हिशेब लागला की दोषही सापडतो.

रस्त्यात गाडी गरम झाली तर

काय करावे

- तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकू लागला की लगेच एसी बंद करा. गाडीत हीटर असेल तर तो पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात लावा. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच आहे. दोन-तीन मिनिटे घाम येईल, पण इंजिनाची उष्णता बाहेर जाईल.
- काटा लाल पट्ट्याला टेकला, वाफ दिसली किंवा इंजिनातून टकटक ऐकू आली तर रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. पुढच्या गावापर्यंत जाऊ, हा विचार मनात आणू नका.
- बॉनेट उघडून किमान अर्धा-पाऊण तास थांबा. वाफ येत असेल तर ती थांबेपर्यंत बॉनेटलाही हात लावू नका.
- रेडिएटरचा वरचा होज पाइप जाड फडक्याने दाबून पाहा. तो मऊ दाबला गेला तर आतला दाब उतरला आहे. टणक असेल तर अजून थांबा.
- रेडिएटरचे झाकण काढताना त्यावर जाड फडके ठेवा, तोंड बाजूला घ्या आणि झाकण आधी पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा. फुसफुस पूर्ण थांबल्यावर ते उचला.
- पाणी थोडे थोडे घाला. इंजिन कोमट झाल्यानंतरच घाला.

काय टाळावे

- गरम इंजिनाचे झाकण उघडू नका. चांगल्या झाकणाच्या आत साधारण ०.९ किलोचा दाब असतो आणि त्या दाबाखाली पाणी ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो, सगळे पाणी एकदम उकळते आणि चेहऱ्यावर उसळते.
- तापलेल्या इंजिनावर किंवा त्याच्या आत गार पाणी ओतू नका. अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते, बिडाच्या ब्लॉकला तडा जातो.
- काटा लाल पट्ट्यावरून अचानक खाली आला म्हणून सुटकेचा श्वास घेऊ नका. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच खरे सांगतो. पाणी संपले की तो हवेत उरतो आणि काटा खोटा पडतो. अशा वेळी इंजिन तत्काळ बंद करा.
- भाजलेल्या जागेवर टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ काहीही लावू नका. स्वच्छ गार पाण्याखाली २० मिनिटे धरा आणि दवाखाना गाठा.

दोष ओळखताना

गाडी नेमकी केव्हा गरम होते, हे मेकॅनिकला सांगता आले तर निम्मे काम झाले. आठ-दहा दिवस वहीत नोंद ठेवा : वेळ, ओझे, वेग, एसी चालू की बंद, किती पाणी घातले.

काय करावे

- उभ्या गाडीत गरम होते, चालू लागली की उतरते : पंख्याकडे पाहा. विजेचा पंखा असेल तर फ्यूज, रिले, मोटर आणि पंखा सुरू करणारा तापमानाचा स्विच तपासा. इंजिनावर पट्ट्याने फिरणारा पंखा असेल तर पट्ट्याचा ताण आणि पात्यांची अवस्था पाहा. पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे कवच तुटले असेल तर तेही बसवा. त्याशिवाय पंखा जाळीतून हवा नीट ओढू शकत नाही.
- उभी असताना ठीक, पण जिंतूरकडच्या चढावर किंवा ओझे घेऊन गरम होते : रेडिएटर आतून चोंदला आहे, बाहेरून जाळी बुजली आहे किंवा वॉटर बॉडीची (पाण्याच्या पंपाची) पाती झिजली आहेत. खालचा होज पाइपही पाहा. तो आतून सैल झाला असेल तर इंजिनाचा वेग वाढवताच आत ओढला जाऊन चपटा होतो.
- सुरू केल्यापासून पाच-सात मिनिटांतच काटा लाल होतो : थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे, आत हवा अडकली आहे किंवा हेड गॅस्केट गेले आहे.
- काटा वर-खाली होत राहतो : बहुतेक वेळा हवा. सेन्सरची सैल वायरही तपासा.
- इंजिन गरम, पण हीटरमधून गार हवा : पाणी कमी आहे किंवा हीटरच्या पाइपात हवा आहे.
- काटा कधीच मधोमध येत नाही : थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा कुणीतरी काढून टाकला आहे.
- पाणी कमी होते, पण खाली थेंब नाही : झाकणाचे रबर, पायाखालचा ओला गालिचा म्हणजे हीटरची गळती, आणि शेवटी हेड गॅस्केट, या क्रमाने तपासा.

काय टाळावे

- लक्षण न पाहता एकेक सुटा भाग बदलत जाऊ नका. आधी स्वस्त आणि सोपे : पाण्याची पातळी, झाकण, पट्टा, पंखा, हवा. मग थर्मोस्टॅट, मग रेडिएटर. हेड उघडणे सगळ्यात शेवटी.
- प्रत्येक गरम गाडीत कूलिंगचाच दोष असतो असे धरू नका. अडकलेले ब्रेक, चुकलेले टायमिंग आणि दाबून चालवलेला क्लच यांनीही इंजिनावर भार वाढतो.

थंड इंजिनावर तपासणी करताना

काय करावे

- सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना तपासा. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा ठेवला तर सकाळी थेंब कुठे पडला ते दिसते.
- होज पाइप टोकापासून टोकापर्यंत दाबून पाहा. भेगा, फुगवटा, तेल लागून मऊ पडलेली जागा, क्लिपखाली पांढरा किंवा हिरवा क्षार, यांपैकी काहीही दिसले तर पाइप बदला.
- वॉटर बॉडीच्या खाली एक बारीक भोक असते. तिथून पाणी पाझरत असेल तर आतले सील गेले आहे. पुली हाताने हलवून पाहा; खडखड असेल तर बेअरिंगही गेले आहे.
- ब्लॉकच्या बाजूला पत्र्याचे गोल डमी प्लग असतात. साध्या पाण्यावर वर्षानुवर्षे चाललेल्या इंजिनात ते आतून गंजतात. गंजाचा ओघळ दिसला तर बदला.
- झाकणाचे रबर, स्प्रिंग आणि मधली छोटी झडप पाहा. थंड झाल्यावर वरचा पाइप चपटा पडत असेल तर ती झडप अडकली आहे आणि जादा पाण्याच्या बाटलीतले पाणी परत आत येत नाही. नवे झाकण घेताना जुन्यावरचा दाबाचा आकडा जुळवा.
- थर्मोस्टॅट काढून जुन्या भांड्यात पाण्यात दोऱ्याने टांगा आणि पाणी तापवा. भांड्याच्या तळाला तो टेकू देऊ नका. त्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास, अनेक गाड्यांत तो ८२ किंवा ८८ असतो, झडप उघडू लागली पाहिजे. पाणी उकळले तरी उघडली नाही तर तो बाद. ते भांडे पुन्हा स्वयंपाकात नेऊ नका.
- थर्मोस्टॅट परत बसवताना त्याच्या पत्र्यावरचे छोटे भोक किंवा हलणारी पिन वरच्या बाजूला ठेवा. हवा तिथूनच वाट काढते. गॅस्केट किंवा रबर नवे घाला.
- गॅरेजमध्ये दाब तपासायचा हातपंप असेल तर झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब भरून दहा मिनिटे काटा पाहा. काटा उतरला की गळती शोधा.

काय टाळावे

- उन्हाळ्यासाठी थर्मोस्टॅट काढून टाकू नका. हा सल्ला फार मिळतो आणि फार नुकसान करतो. त्याने इंजिन योग्य तापमानाला उशिरा येते, डिझेल-पेट्रोल जास्त जाते, ऑइलमध्ये गाळ साचतो. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना आतला आडमार्गही बंद करतो. तो काढला की काही पाणी रेडिएटरमध्ये न जाताच इंजिनात फिरत राहते आणि गाडी आणखी गरम होते.
- विजेचा पंखा कायमचा डायरेक्ट करून ठेवू नका. अडचणीत घरी पोचण्यासाठी केला तरी फ्यूज आणि रिले लावूनच करा. उघडी वायर जळते. घरी आल्यावर मूळ दोष दुरुस्त करा.
- विजेच्या पंख्यात हात घालू नका. काही गाड्यांत चावी काढल्यानंतरही इंजिन तापलेले असेल तर तो आपोआप सुरू होतो. आधी त्याची वायर सोडवा.
- पट्ट्याजवळ काम करताना गमछा, ओढणी, पदर, सैल बाही, कडे, बांगड्या नकोत.

पाणी आणि कूलंट निवडताना

काय करावे

- तयार मिसळलेला कूलंट वापरा, किंवा सांद्र कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळा. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळते. अ‍ॅसिडचा कॅन आणि पाण्याचा कॅन यात गल्लत होऊ देऊ नका.
- अडचणीत आरओ प्लांटच्या जारचे पाणी चालेल. त्यात क्षार कमी असतात, पण शून्य नसतात. म्हणून ते तात्पुरते.
- गाडीच्या पुस्तिकेतले प्रमाण पाळा. निम्मे-निम्मे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही. कूलंट हवा तो गंज आणि क्षार रोखण्यासाठी आणि उकळण्याची पातळी वर नेण्यासाठी. म्हणून पुस्तिका परवानगी देत असेल तर थोडे कमी प्रमाणही पुरते. मात्र ते एक तृतीयांशाच्या खाली नेऊ नका. गंज रोखणारी द्रव्ये अपुरी पडतात.
- जुन्या पद्धतीचा हिरवा कूलंट दर दोन वर्षांनी बदला. भरल्याची तारीख आणि किलोमीटर बॉनेटच्या आत चिकटवून ठेवा.

काय टाळावे

- बोअरचे, विहिरीचे, कालव्याचे पाणी कायमचे भरू नका. बोअर क्षार आणते, कालवा गाळ आणतो.
- नुसता कूलंट, पाणी न मिसळता, भरू नका. कूलंटमधले ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेते. जास्त घातला म्हणजे जास्त थंड, हे खरे नाही.
- रंग पाहून कूलंट एकमेकांत मिसळू नका. हिरवा, गुलाबी, निळा हे रंग कंपनीगणिक बदलतात. रंगावरून आतली रसायने कळत नाहीत. आत काय आहे ते माहीत नसेल तर सगळे काढून धुऊन नवे भरा.
- गळती थांबवण्यासाठी हळद, पीठ, अंड्याचा बलक, गळती बंद करणारी पावडर टाकू नका. गळतीचे भोक बुजते तसे हीटरचे आणि रेडिएटरचे बारीक पाइपही बुजतात. रानात अडकलात आणि दुसरा मार्गच नसेल तरच, आणि घरी आल्यावर सगळे धुऊन काढायचे या अटीवर.
- काढलेला कूलंट गोठ्यात, अंगणात, नालीत ओतू नका. त्यातले एथिलिन ग्लायकॉल चवीला गोडसर आणि जालीम विषारी असते. वासरू, कुत्रे, लहान मूल ते पिऊ शकते. माणसाच्या पोटात गेले तर वाट न पाहता १०८ ला फोन करा. जनावर असेल तर पशुवैद्याकडे न्या. जुना कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, नाव लिहून, जुने ऑइल घेणाऱ्या गॅरेजात द्या.

जुने पाणी काढून आतून धुताना

काय करावे

- इंजिन पूर्ण थंड असू द्या. हीटरची कळ गरमवर ठेवा. मग रेडिएटरखालचा कॉक उघडा. तो गंजून अडकला असेल तर जोर न लावता खालचा पाइप सोडा. ब्लॉकला वेगळा नट असेल तर तोही उघडा.
- निघालेले पाणी घमेल्यात धरा आणि लिटरच्या मापाने मोजा. पुढे हवा काढताना हा आकडा लागणार आहे.
- पाण्याचा रंग पाहा. तांबूस म्हणजे गंज. वर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्या.
- स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. शेवटची धुलाई डिस्टिल्ड वॉटरने करा, कारण ब्लॉकमध्ये थोडे पाणी नेहमी मागे उरते.
- धुतल्यावर आधी सांद्र कूलंटचा ठरलेला भाग घाला, मग डिस्टिल्ड वॉटर. आत उरलेल्या पाण्यामुळे मिश्रण पातळ होणार नाही.
- जुन्या जीपचा, अ‍ॅम्बॅसॅडरचा पितळ-तांब्याचा रेडिएटर रेडिएटरवाल्याकडे देऊन रॉडिंग करून घेता येतो : टाकी उकलून प्रत्येक नळीतून पातळ सळई फिरवतात आणि परत झाळतात. प्लास्टिकच्या टाक्यांचा अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर मात्र चोंदला तर बदलणेच बरे.
- गरम इंजिन बंद करून, पंख्याची वायर सोडवून, रेडिएटरवर हातमोजा घातलेला हात फिरवा. मध्येच गार पट्टे लागले तर तिथल्या नळ्या बुजल्या आहेत.

काय टाळावे

- संडास धुण्याचे अ‍ॅसिड, कॉस्टिक सोडा, कपड्याचा साबण आत घालू नका. अ‍ॅल्युमिनियमचे हेड आणि वॉटर बॉडी अ‍ॅसिड आणि कॉस्टिक दोन्हींनी खाल्ली जाते. धुण्यासाठी बनवलेले द्रावणच बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे वापरा.
- जाळी धुताना वॉशिंग सेंटरची जोरदार धार जवळून मारू नका. पातळ पत्रे दुमडतात आणि वाट कायमची बंद होते. साध्या नळीने, इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने धुवा.

हवा काढताना

पाणी भरले म्हणजे काम संपले असे नाही. रिकामे केलेले इंजिन भरताना हेडमध्ये, थर्मोस्टॅटच्या मागे आणि हीटरच्या पाइपात हवा अडकते. हवा पाण्यासारखी उष्णता वाहून नेत नाही. जिथे बुडबुडा बसतो तिथला धातू तापतो, वाफ होते आणि नव्या पाण्यावरही गाडी गरम होते. नवे सामान घालूनही न सुटलेल्या कितीतरी तक्रारी या एका पायरीवर येऊन सुटतात. गॅरेजात याला ‘एअर काढणे’ म्हणतात. ते घाईत होत नाही. निवांत तासभर ठेवा.

काय करावे, या क्रमाने

१. गाडीचे तोंड उंच करा. चढावर लावा किंवा पुढची चाके भक्कम फळ्यांवर चढवा. मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा. झाकणाची जागा सगळ्यात उंच आली की हवा आपोआप तिकडे येते. ज्या गाड्यांत इंजिन सीटखाली आणि रेडिएटर पुढे असतो, उदाहरणार्थ ओम्नी, तिथे पाइप लांब आहेत. म्हणून अशा गाड्यांत ही पायरी जास्त महत्त्वाची.

२. हीटरची कळ पूर्ण गरमवर ठेवा. कळ थंडवर असेल तर बऱ्याच जुन्या गाड्यांत हीटरचा मार्ग बंद राहतो आणि तिथली हवा तशीच अडकते.

३. थर्मोस्टॅटच्या घराजवळ किंवा वरच्या पाइपावर हवा काढायचा स्क्रू आहे का ते पुस्तिकेत पाहा. असेल तर सैल करा.

४. नरसाळ्याने हळूहळू भरा. अर्धा लिटर घाला, थांबा, बुडबुडे येऊ द्या, पुन्हा घाला. स्क्रूमधून बुडबुड्यांशिवाय सलग धार आली की तो बंद करा. हलक्या हाताने आवळा. पितळेचा स्क्रू प्लास्टिकच्या घराची आटी खातो.

५. वरचा आणि खालचा पाइप हाताने पंधरा-वीस वेळा दाबा आणि सोडा. पातळी उतरेल. उतरली तेवढी भरा.

६. झाकण उघडे ठेवून थंड इंजिन सुरू करा आणि नुसते आयडलवर चालू द्या. पातळीवर नजर ठेवा. हीटरचा पंखा कमी वेगावर लावा.

७. दहा-पंधरा मिनिटांत थर्मोस्टॅट उघडतो. त्याची खूण : वरचा पाइप एकाएकी गरम होतो आणि झाकणातली पातळी खाली जाते. मोठे बुडबुडे या वेळी निघतात. पातळी खाली गेली की लगेच भरा.

८. अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून वेग २००० ते २५०० फेऱ्यांवर अर्धा मिनिट ठेवा आणि सोडा. असे चार-पाच वेळा करा. वेग सोडताना पाणी वर उसळू शकते. नरसाळ्यावर वाकून पाहू नका.

९. पंखा आपोआप एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा. पट्ट्याचा पंखा असेल तर खालचा पाइपही गरम होईपर्यंत थांबा. हीटरमधून सलग गरम हवा येणे ही हवा निघाल्याची चांगली खूण आहे.

१०. बुडबुडे थांबले की पातळी काठोकाठ करा, झाकण लावा, बाटली दोन खुणांच्या मध्ये भरा आणि इंजिन बंद करा.

११. हिशेब मांडा. जेवढे काढले तेवढे आत गेले पाहिजे. चार लिटर निघाले आणि तीनच मावले, तर एक लिटरची हवा अजून आत आहे. पायऱ्या पुन्हा करा.

१२. गाडी पूर्ण थंड झाल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी सकाळी, पातळी पुन्हा पाहा. थोडी उतरलेली असते, भरा. पुढचे दोन-तीन दिवस रोज सकाळी पाहा आणि या दिवसांत लांबचा प्रवास ठेवू नका.

काय टाळावे

- ज्या गाडीत दाबाचे झाकण रेडिएटरवर नसून प्लास्टिकच्या टाकीवर असते, तिथे टाकी साधी बाटली समजू नका. तिच्यातही पूर्ण दाब असतो. गरम असताना तीही उघडायची नाही.
- इंजिन गरम असताना हवा काढायचा स्क्रू सोडू नका. उकळते पाणी पिचकारीसारखे येते.
- बंद शेडमध्ये किंवा दारे लावलेल्या गोदामात इंजिन चालू ठेवू नका. धूर जीवघेणा असतो.
- काम अर्ध्यावर सोडून उरलेली हवा चालता चालता निघेल, असे म्हणू नका. ती निघेपर्यंत हेड वाकू शकते.
- तासभर झाला तरी बुडबुडे थांबत नसतील तर पाणी भरत बसू नका. ते बुडबुडे हवेचे नसून सिलिंडरमधल्या वायूचे असू शकतात.

हेड गॅस्केटची शंका आली तर

काय करावे

- या खुणा एकत्र पाहा : थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा पाइप टणक होणे, बाटलीत सतत बुडबुडे, तापलेल्या इंजिनातूनही गोडसर वासाचा पांढरा धूर, दुधाळ झालेले ऑइल.
- हेड उघडण्याआधी पाण्यातल्या वायूची चाचणी करून घ्या. निळ्या रसायनाचा रंग वायू लागताच बदलतो. ही सोय तालुक्याला नसेल तर परभणीला चौकशी करा.
- हेड उघडले तर पृष्ठभाग सपाट आहे का ते पट्टी ठेवून तपासायला सांगा आणि गरज असेल तरच प्लेन करून घ्या. बोल्ट ठरलेल्या क्रमाने, टॉर्क पान्यानेच आवळले जावेत.

काय टाळावे

- हिवाळी सकाळी सुरुवातीला दिसणारी पांढरी वाफ पाहून घाबरू नका. इंजिन तापल्यावर ती जाते. न जाणारी वाफ खरी खूण.
- दुधाळ ऑइलवर गाडी चालवू नका. बेअरिंग जाते आणि दुरुस्तीचा खर्च कितीतरी पटीने वाढतो.

हंगाम आणि गॅरेज

काय करावे

- सोयाबीनच्या मळणीनंतर आणि कापूस वेचणीच्या दिवसांत जाळीत भुसा आणि तंतू अडकतात. महिन्यातून एकदा टॉर्च लावून जाळीतून पलीकडे उजेड दिसतो का ते पाहा. एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या फटीतही पाहा; कचरा तिथेच लपतो.
- कूलिंगची सगळी कामे फेब्रुवारीत उरका. मे महिन्यात गॅरेजात गर्दी असते आणि घाईत हवा काढायची राहून जाते.
- गॅरेजमधून गाडी घेताना तीन गोष्टी विचारा : पाणी किती काढले, किती भरले, हवा काढली का. जुना सुटा भागही पाहायला मागा.
- प्रवासात पाच लिटर डिस्टिल्ड वॉटर, दोन क्लिपा, एक जादा पट्टा, जाड फडके आणि स्क्रू ड्रायव्हर गाडीत ठेवा.

काय टाळावे

- रोज सकाळी पाणी भरण्याची सवय लावून घेऊ नका. निरोगी गाडी रोज पाणी पीत नाही. आठवड्याला पाव लिटर जरी कमी होत असेल तरी गळती आहे.
- जाहिरातीचे फलक, जादा दिवे, जाड जाळ्या रेडिएटरसमोर लावू नका. हवेची वाट अडते.

कूलिंगच्या दुरुस्तीतला बहुतेक खर्च झाकण, पाइप, पट्टा, थर्मोस्टॅट आणि कूलंट इतक्यात भागतो. हेड वाकले तर मात्र जुन्या गाडीच्या किमतीला भिडणारा खर्च समोर येतो आणि ऐन कामाच्या दिवसांत घरची गाडी बंद पडते. तेव्हा या उन्हाळ्यापूर्वी एक सकाळ काढा, वही घ्या, पाण्याचा हिशेब मांडा आणि हवा पूर्ण निघाल्याशिवाय बॉनेट लावू नका.